एका तबकडीत किती मावते?

आमच्या घरातील एका डीव्हीडीवर माझी आजी दळण दळताना दिसते. जाते मात्र नीट फिरत नाही. खुंटा पुढे सरकतो, लगेच मागे येतो, पुन्हा पुढे सरकतो. एका सेकंदात असे कितीतरी हिसके. आजीचा चेहरा लहानलहान चौकोनांत तुटला आहे आणि तिने मान वळवली की ते चौकोन क्षणभर मागेच राहतात. आवाज मात्र शाबूत आहे. ओवी, जात्याची घरघर, ओळ संपताना घेतलेला श्वास, मागे कुठेतरी आरवणारा कोंबडा, सगळे ऐकू येते. चित्राची अशी दशा आणि आवाज असा धडधाकट, हे कसे, हा प्रश्न मला अठरा वर्षे पडला नाही. ‘कॅसेटच खराब होती,’ असे मी नातेवाइकांना सांगत आलो. ती डीव्हीडी २००५ च्या मे महिन्यात मीच तयार केली होती आणि पुढच्या महिन्यात मूळ कॅसेटही मीच भंगारवाल्याला दिली होती.

माझा अभ्यासाचा विषय मोडी कागदपत्रे. तिथे शिस्त अशी की कागद हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचा; कागद कुठला, शाई कोणती, ही मूळ चिठ्ठी की नंतर कोणी केलेली नक्कल, हे पाहायचे. मजकूर नंतर. घरगुती डीव्हीडी मात्र आपण सरळ मजकुरासारखी पाहतो. वास्तविक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आपल्या घराघरांतली लग्ने, मुंजी, बारशी, साठीशांती कॅसेटींवरून तबकड्यांवर उतरली आणि कॅसेटी गेल्या. उरली ती नक्कल. नक्कल करणाऱ्याने संगणकाच्या एका खिडकीत काही आकडे निवडले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या आकड्यांचा अर्थ माहीत नव्हता. मलाही नव्हता. गेली दोन वर्षे मी ती खिडकी समजून घेण्यात घालवली.

सुरुवात साध्या भागाकाराने करावी लागते. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती ७२० बाय ५७६ ठिपक्यांची आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. गुणाकार दोन्हींचा सारखाच येतो. रंगाची माहिती निम्म्यावर आणली तरी सेकंदाला सुमारे १६६ दशलक्ष बिट. एकेरी थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात. भागून पाहिले तर पावणेचार मिनिटे. मंगलाष्टके संपायच्या आत तबकडी भरेल. तीन तासांचे चित्रण तिच्यावर बसवायचे तर दर अठ्ठेचाळीस भागांतले सत्तेचाळीस टाकून द्यायला हवेत, आणि तेही पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ न देता.

ही किमया ज्या गणिताने साधली, ते बंगळुरूत जन्मलेल्या एका अभियंत्याचे आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. नसीर अहमद तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी निधी मागितला. तो मिळाला नाही. एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी काम सोडले नाही. आपले विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा निबंध प्रसिद्ध केला. तुमच्या मोबाइलमधला जवळपास प्रत्येक जेपीईजी फोटो त्याच गणितातून गेलेला असतो.

पद्धत खरोखरच सोपी आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातील ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ वेगळे आकडे लिहायचे: पहिला त्या तुकड्याच्या सरासरी उजेडाचा, पुढचे आधी ढोबळ आणि मग अधिकाधिक बारीक चढउतारांचे. इथवर काही हरवत नाही. हरवते ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक आकड्याला ठरावीक संख्येने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. किराणा दुकानदार पैसे सोडून रुपयांत हिशेब करतो, तसे. जागा कमी पडली की रुपयांऐवजी दहांत, मग शंभरांत. हिशेब जुळतो, पण दोन-चार रुपयांच्या नोंदी शून्य होतात. नऊवारीचा काठ, पिकल्या केसांची बट, गालावरची सुरकुती या दोन-चार रुपयांच्याच नोंदी. फारच तंगी आली तर प्रत्येक तुकड्याचा पहिला आकडा तेवढा उरतो, म्हणजे एकरंगी चौकोन. आजीच्या चेहऱ्यावरचे चौकोन ते हेच.

१९८८ साली सुरू झालेल्या एमपीईजी या तज्ज्ञगटाने यावर दुसरा मजला चढवला. लागोपाठची चित्रे बहुतांशी सारखीच असतात. तेव्हा एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या काही चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवायचे. एनटीएससी डीव्हीडीवर फार तर १८ चित्रांनी आणि पालवर १५ चित्रांनी पुन्हा एक पूर्ण चित्र आलेच पाहिजे, असा नियम आहे. भिंत, दरवाजा, स्वस्थ बसलेला पाहुणा यांना त्यामुळे जवळजवळ काहीच खर्च येत नाही. हलणाऱ्या वस्तूला येतो. सतत फिरणारे जाते, उडणारे पीठ आणि लयीत पुढेमागे होणारी बाई, हे या पद्धतीने उतरवायला सर्वांत महाग दृश्यांपैकी एक.

१९९४ च्या अखेरीस एमपीईजी-२ तयार झाले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १०.०८ दशलक्ष बिट ही वरची मर्यादा. त्यात चित्राला फार तर ९.८. एका बाजूला पूर्ण चित्रपट बसावा ही हॉलीवुडच्या स्टुडिओंची अट होती आणि तेव्हा सांगितला जाणारा आकडा होता १३३ मिनिटे. आपल्याकडचे लग्न १३३ मिनिटांत आटोपत नाही. सीमांतपूजनालाच तेवढी लागतात. त्या आकड्यात आपले आयुष्य कोंबण्याची जबाबदारी मग ज्याच्या त्याच्यावर आली.

त्याआधीच्या व्हीसीडीत अशी जबाबदारी कोणावर नव्हती. १९९३ च्या त्या मानकात सगळे बांधलेले होते: ठरावीक लहान चित्र, त्याला सेकंदाला १.१५ दशलक्ष बिट, एका सीडीत ७४ मिनिटे. जे येई ते सारखेच बेताचे येई. डीव्हीडीने मात्र निवडीचे स्वातंत्र्य दिले. २००१ साली पायोनियरचा डीव्हीडी रायटर घरगुती संगणकात बसू लागला, त्याच वर्षी तो ॲपलच्या संगणकांतही आला. आमच्याकडे पोचायला आणखी तीन-चार वर्षे लागली. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीतून मी रायटर घेतला, टीव्हीचे कॅप्चर कार्ड घेतले आणि कागदी पाकिटातल्या चार कोऱ्या डीव्हीडी, चाळीस रुपयांना एक. (पाकिटावर ४.७ जीबी आणि संगणकात ४.३७. दुकानदाराने फसवले असे वाटून मी परत गेलो होतो. बनवणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने, एवढाच तो फरक.) हौशी मंडळींत तेव्हा हिरोयुकी होरी या जपानी प्रोग्रॅमरच्या टीएमपीजीएन्कचा बोलबाला होता. त्याच्या फुकट आवृत्तीत एमपीईजी-१ कायम चाले आणि एमपीईजी-२ फक्त तीस दिवस, कारण एमपीईजी-२ वर पेटंटांचे कुलूप होते. मी वापरले ते दुसरेच एक, कार्डाबरोबर आलेले, स्वस्तातले.

आता ती कॅसेट. डेट्रॉइटचे काका १९९२ च्या मे महिन्यात कॅमेरा घेऊन वाईजवळच्या आमच्या गावी आले होते. गावात गिरणी येऊन कित्येक वर्षे झाली होती. जाते काकांच्या हट्टापायी माजघराच्या कोपऱ्यातून पुढे ओढले गेले. आजी आधी लाजली, मग बसली, आणि एकदा बसल्यावर थांबेना. अकरा मिनिटांत तिने कितीतरी ओव्या म्हटल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या मी पुढे आवडीने वाचल्या. आजीच्या काही ओव्या तिथे थोड्या वेगळ्या शब्दांत भेटतात. पण तिने आपल्या वारलेल्या मुलीवर रचलेल्या तीन ओव्या कुठे सापडायच्या? त्या फक्त आमच्या कॅसेटवर होत्या. काकांनी अमेरिकेतून व्हीएचएसवर प्रत करून पाठवली ती तीन तासांची, फीत सावकाश चालवून भरलेली.

कॅसेट अर्थातच एनटीएससी. आमच्या व्हीसीआरवर ती काळीपांढरी दिसे आणि चित्र लोळे. दुबईहून परतलेल्या शेजाऱ्यांकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता, तो चार दिवसांसाठी मागून आणला. संगणकातल्या खिडकीने पहिला प्रश्न विचारला: पाल की एनटीएससी? आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालवत. अमेरिकेतले बहुतेक फक्त एनटीएससी. काकांना एक प्रत पाठवायची होती. मी एनटीएससी निवडले. ही निवड बरोबरच होती, पण पुढचे सगळे तिच्यामुळे बिघडले.

डीव्हीडीवर आवाज साठवण्याचे तीन नेहमीचे मार्ग. पीसीएम म्हणजे काहीही न टाकता जसाच्या तसा आवाज. त्याला सेकंदाला १.५४ दशलक्ष बिट लागतात. डॉल्बी डिजिटलला साध्या दोन वाहिन्यांसाठी ०.१९ दशलक्ष पुरतात. तिसरा एमपीईजीचा, साधारण तितकाच काटकसरी. यातली मेख अशी की पाल तबकडीवर नुसता एमपीईजी आवाज चालतो, एनटीएससी तबकडीवर मात्र पीसीएम किंवा डॉल्बी यांपैकी एक असलाच पाहिजे. माझ्याकडच्या स्वस्त सॉफ्टवेअरने डॉल्बीचा परवाना घेतलेला नव्हता. त्यामुळे एनटीएससीवर टिचकी मारताच बाकीचे पर्याय फिके पडले आणि पीसीएम तेवढा उरला. आवाज उत्तम प्रतीचा मिळतो आहे तर बरेच, असे मला वाटले. (त्या डॉल्बी पद्धतीवरचे शेवटचे पेटंट २०१७ मध्ये संपले आणि एमपीईजी-२ चे अमेरिकेतले २०१८ मध्ये. आता दोन्ही कुलपे उघडी आहेत आणि आत शिरणारे कोणी नाही.)

त्या टिचकीची किंमत मी आता काढली. तीन तासांचे १०,८०० सेकंद. ३७.६ अब्ज बिटांना त्याने भागले की सेकंदाला ३.४८ दशलक्ष. त्यातले १.५४ आवाजाने नेले. मेनू आणि थोडी मोकळी जागा सोडून चित्राच्या वाट्याला आले १.८. डॉल्बी असता तर ३.१ आले असते. आजीचा श्वास ऐकू येतो तो तिच्या चेहऱ्याच्या मोबदल्यात.

चित्राचा आकार विचारला तेव्हा मी सर्वांत मोठा निवडला, ७२० बाय ४८०. मोठा आकडा तो चांगला, हा बाजाराचा संस्कार. व्हीएचएसची आडवी बारकाई जेमतेम २४० रेषांची असते. ७२० ठिपक्यांत भरण्याजोगे तिच्यात काही नसतेच. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ४८० हाही आकार बसतो. तो घेतला असता तर चौकोन निम्मे झाले असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुप्पट बिट आले असते. शिवाय मुंग्या. अंधाऱ्या माजघरात घेतलेले चित्रण, त्याची प्रत, तीही सावकाश फितीवर. पडद्यावर सतत मुंग्या वळवळत होत्या. एन्कोडरला मुंगी आणि सुरकुती यांतला भेद कळत नाही. जे हलते त्याला तो बिट देतो. आधीच दुष्काळ, त्यात निम्मे धान्य मुंग्यांनी नेले.

‘दोन फेऱ्या’ असाही एक पर्याय होता. पहिल्या फेरीत एन्कोडर सबंध चित्रण नुसते पाहतो, कुठे किती हालचाल आहे याची नोंद करतो, आणि दुसऱ्या फेरीत गरजेप्रमाणे बिट वाटतो. माझ्या तीन तासांपैकी पाऊण तास विमानतळ आणि टॅक्सीच्या काचेतून दिसणारा रस्ता, तासभर जेवणाच्या पंगती. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा तिवईवर ठेवून काका स्वतः गप्पांत जाऊन बसलेले. तिथली बचत जात्याला मिळाली असती. पण दोन फेऱ्यांना वेळ दुप्पट. माझ्या संगणकाला एका फेरीलाच नऊ तास लागत होते आणि २००५ च्या त्या उन्हाळ्यात राज्यभर भारनियमन चालू होते. दोनदा सात-आठ तासांचे काम वीज गेल्याने वाया गेले. तिसऱ्या रात्री मी एक फेरी आणि स्थिर दर निवडला आणि झोपलो. विमानतळाच्या जमिनीला जेवढे मिळाले तेवढेच आजीला.

मन खाते ते वेगळ्याच हिशेबाने. ती अकरा मिनिटे स्वतंत्र तबकडीवर, नियमात बसेल त्या सर्वांत वरच्या दराने उतरवली असती, तर त्या तबकडीचा पाचवा भागही भरला नसता. चाळीस रुपयांची आणखी एक तबकडी. ती माझ्या टेबलावर कोरी पडलेली होती.

राहिले जात्याचे हिसके. जुन्या टीव्हीचे चित्र एका दमात उमटत नसे; आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या, अशा दोन पाळ्यांत उमटे. या दोन पाळ्यांमध्ये एनटीएससीत सेकंदाचा साठावा भाग जातो आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. आधी वरची पाळी की खालची, हे एन्कोडरला सांगावे लागते. डीव्ही कॅमेऱ्यांत खालची आधी असते, माझ्या कार्डात वरची आधी होती, आणि सॉफ्टवेअरमधला तयार साचा डीव्ही कॅमेऱ्यासाठी होता. ही चूक झाली की स्थिर वस्तू निर्दोष दिसतात आणि हलणारी प्रत्येक वस्तू पुढेमागे हिसकते, कारण नंतरचा क्षण आधी दाखवला जातो. मी तबकडी तपासली ती संगणकावर, आणि तिथे दोन्ही पाळ्या एकत्रच दिसत असल्याने काही कळले नाही. टीव्हीवर लावली तोवर भंगारवाला येऊन गेला होता.

हे सगळे मला उमगले ते २०२३ मध्ये. भाचा मुंबईत चित्रपटांच्या संकलनाचे काम करतो. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला ती तबकडी दाखवली. तिच्या रंगद्रव्याचा भरवसा उरलेला नाही. दोन ड्राइव्हनी ती वाचलीच नाही, तिसऱ्याने कुरकुरत वाचली. त्याने फाइल उघडली, आकार, दर, आवाजाचा प्रकार, पाळ्यांचा क्रम असे एकेक मोठ्याने वाचत गेला, आणि म्हणाला, “मामा, कॅसेटला कशाला दोष देतोस? हे सगळं इथं झालंय.”

त्यानंतर मी नात्यागोत्यातल्या एकोणीस तबकड्या मागून आणल्या आणि कागद उजेडाकडे धरावा तशा तपासल्या. बहुतेक स्टुडिओवाल्यांनी केलेल्या, सगळ्या पाल. आवाज काटकसरीचा आणि चित्र त्या मानाने बरे, म्हणजे माझ्या तबकडीच्या नेमके उलट. आत्याच्या मुलीच्या लग्नात घास भरवतानाचे चित्र इतके स्पष्ट की जिलबीचा पाक दिसतो, पण उखाणा ऐकू येत नाही. त्यावर सिनेमाचे गाणे चढवले आहे. एकोणीसपैकी चौदा तबकड्यांत मूळ आवाज जवळपास नाहीच. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे कसे होते, ते आता कुठल्याही यंत्राने परत येणार नाही.

भाच्याने पाळ्यांचा क्रम दुरुस्त केला. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. दोन्ही पाळ्या तबकडीत धडच होत्या, आधी कोणती याची नोंद तेवढी चुकली होती. जाते गोल फिरू लागले. आई खुर्ची पुढे ओढून बसली. चौकोन मात्र तसेच राहिले, कारण तिथे भागाकारात आकडे शून्य झालेले आहेत आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. चेहरा भरून काढणारी नवी साधने त्याच्याकडे होती. त्याने एक चालवून पाहिले. पडद्यावर एक नितळ, रेखीव चेहरा आला. “ही कोण बाई?” आईने विचारले. तो प्रयोग आम्ही पुसून टाकला.

डेट्रॉइटला काकूंना फोन केला. काका जाऊन सहा वर्षे झाली. कॅमेऱ्यातली मूळ फीत घर बदलताना कुठल्या खोक्यात गेली, ते त्यांना आठवत नाही. तळघर पाहते म्हणाल्या. पाळ्या दुरुस्त केलेली प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे, एक पुण्यात आणि एक भाच्याकडे. जुनी तबकडीही ठेवली आहे, चांगल्या डबीत, उन्हापासून लांब. डबीवर, मोडी कागदाच्या पाकिटावर लिहितो तसे, लिहिले आहे: मूळ व्हीएचएस, एनटीएससी, १९९२. नक्कल पुणे, मे २००५. ७२० बाय ४८०, स्थिर दर १.८, एक फेरी, आवाज पीसीएम, पाळ्यांचा क्रम चुकलेला. मूळ फीत जून २००५ मध्ये नक्कलकाराने भंगारात दिली.